रेषा, वस्ती आणि बोली : अमेरिकेतील ओकलंड शहराचा अभ्यास

प्रास्ताविक

दलित साहित्याचा अभ्यास करताना ‘दलित पँथर’ हे नाव आपल्या परिचयाचे झाले आहे. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी १९७२ मध्ये मुंबईत उभारलेल्या या संघटनेने आपले नाव अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’ या संघटनेवरून घेतले, हेही आपण वाचले असेल. परंतु ती मूळ संघटना कोणत्या शहरात जन्मली आणि नेमकी तेथेच का जन्मली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

ते शहर म्हणजे कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड. (न्यूझीलंडमधील ऑकलंड हे शहर निराळे.) सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील या बंदरात १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी संघटना स्थापन केली. त्यांच्या दहा कलमी कार्यक्रमात रोजगार, शिक्षण आणि पोलिसी अत्याचारापासून मुक्ती यांच्या बरोबरीने माणसाला राहण्याजोग्या घराची मागणी होती. पुढे तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, याच शहराच्या शालेय मंडळाने मुलांच्या घरच्या भाषेविषयी एक ठराव केला आणि त्यावरून देशभर वादळ उठले.

एक मागणी घराची, दुसरा ठराव भाषेचा. वरवर पाहता या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध दिसत नाही. तो कसा आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. नगर-प्रशासन नकाशावर ज्या रेषा ओढते त्या माणसांच्या बोलण्यापर्यंत कशा पोहोचतात, हे ओकलंडच्या उदाहरणावरून स्पष्ट करता येते.

उद्दिष्टे

हा लेख अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• शहरातील विषमता शासकीय निर्णयांतून कशी घडते, हे स्पष्ट करता येईल.
• धोरणाच्या भाषेतील रूपके आणि सौम्योक्ती ओळखता येतील.
• वस्तीचे विभाजन आणि भाषाभेद यांचा संबंध सांगता येईल.
• प्रमाणभाषा व बोली यांविषयीचे समज-गैरसमज तपासता येतील.

१. शहराची घडण

अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारा लोहमार्ग १८६९ मध्ये पूर्ण झाला आणि त्याचे पश्चिमेकडील अखेरचे स्थानक ओकलंडमध्ये आले. शयनयान डब्यांतून प्रवाशांची सेवा करणारे कामगार प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते. गाडी जेथे थांबे तेथे त्यांची बिऱ्हाडे झाली. ‘वेस्ट ओकलंड’ ही वस्ती अशी वाढली. तेथील सातव्या रस्त्यावर दुकाने, खाणावळी आणि संगीताचे अड्डे होते. या कामगारांची संघटनाही याच परिसरात बळकट झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उपसागराच्या किनाऱ्यावर जहाजबांधणीचा उद्योग प्रचंड वाढला. टेक्सास, लुइझियाना यांसारख्या दक्षिणी राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे कामासाठी आली. ओकलंडमधील कृष्णवर्णीयांची संख्या १९४० मध्ये सुमारे साडेआठ हजार होती. ती १९५० मध्ये सत्तेचाळीस हजारांवर गेली. कामासाठी त्यांना बोलावले गेले, परंतु शहरात कोठेही राहण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. येथून आपल्या विषयाचा आरंभ होतो.

२. नकाशावरील चार रंग

१९३० च्या दशकातील महामंदीत लाखो कुटुंबांची घरे गहाणकर्जापायी जाण्याच्या बेतात होती. त्यांना वाचवण्यासाठी अमेरिकेच्या संघ-शासनाने १९३३ मध्ये गृहकर्जासाठी एक महामंडळ स्थापन केले. या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार करवून घेतले. प्रत्येक वस्तीला एक श्रेणी आणि एक रंग देण्यात आला : सर्वोत्तम वस्तीला हिरवा, त्याखालोखाल निळा, उतरती कळा लागलेल्या वस्तीला पिवळा आणि ‘धोक्याच्या’ वस्तीला लाल. या पद्धतीवरून पुढे ‘रेडलाइनिंग’ हा शब्द रूढ झाला. वेस्ट ओकलंडला लाल रंग मिळाला.

या नकाशांसोबत प्रत्येक वस्तीचे एक छापील विवरणपत्र भरले जाई. भाषेच्या अभ्यासकाने ते अवश्य पाहावे. त्यात इमारतींचे वय, दुरुस्तीची स्थिती, रहिवाशांचे व्यवसाय यांच्या रकान्यांबरोबर एक रकाना ‘शिरकावा’चा होता, म्हणजे वस्तीत कोणत्या ‘परक्या’ लोकांचा शिरकाव होत आहे, याचा. कृष्णवर्णीय कुटुंबाने घर भाड्याने घेणे ही घटना गळक्या छपराप्रमाणेच एक दोष म्हणून कागदावर नोंदवली जाई. ‘शिरकाव’ हा शब्द एरवी शत्रू, चोर किंवा रोग यांच्या संदर्भात वापरला जातो. तो छापील रकान्याचा मथळा झाला की लिहिणाऱ्याला द्वेषाची जाणीवही उरत नाही. तो केवळ रकाना भरत असतो.

या नकाशांचा बँकांच्या कर्जवाटपावर प्रत्यक्ष किती परिणाम झाला, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने, ज्याच्या विम्यामुळे मध्यमवर्गीयांना दीर्घ मुदतीचे कर्ज मिळू लागले, वंशाचा निकष उघडपणे लावला, याविषयी वाद नाही. घरविक्रीच्या करारांत ‘हे घर गौरेतरांना विकू नये’ अशी अट घालण्यास त्याने आपल्या मार्गदर्शिकेतून प्रोत्साहनच दिले. न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वंशभेद करण्यास देशभर मनाई करणारा कायदा येण्यास १९६८ साल उजाडले.

मधल्या काळात कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९६३ मध्ये असाच एक कायदा केला होता. परंतु १९६४ मध्ये राज्यातील मतदारांनी सार्वमताने तो निष्प्रभ केला. न्यायालयांनी ते सार्वमत पुढे घटनाबाह्य ठरवले. ब्लॅक पँथरची स्थापना १९६६ ची आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

३. ‘करपा’ आणि ‘नवीकरण’

ज्या वस्तीत कर्ज मिळत नाही त्या वस्तीत घराची डागडुजी होत नाही. घरे जुनी होत जातात, एकेका घरात दोन-दोन कुटुंबे दाटीने राहतात. मग शासन येते आणि वस्ती बकाल झाल्याचे सांगते. यासाठी अमेरिकी कायद्यात जो शब्द वापरला जाई तो आहे ‘ब्लाइट’. हा शब्द मूळचा शेतीतला आहे. पिकावर पडणाऱ्या ज्या रोगाला आपला शेतकरी ‘करपा’ म्हणतो, त्याचे हे इंग्रजी नाव. कॅलिफोर्नियाच्या १९४५ च्या पुनर्विकास कायद्यानुसार एखादा भाग ‘करप्याने ग्रस्त’ आहे असे एकदा जाहीर केले की तेथील मालमत्ता सक्तीने संपादित करता येत असे.

या रूपकाचे कार्य काय, याचा विचार करू. करपा कोणी आणलेला नसतो. तो हवेतून येतो आणि पसरतो. त्यामुळे वस्तीच्या दुरवस्थेला जबाबदार कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय करपलेले झाड उपटून टाकणे हाच शहाणपणा ठरतो, कारण ते शेजारच्या झाडालाही बाधा पोहोचवते. आधी कर्ज नाकारायचे, त्यामुळे आलेल्या दुरवस्थेला रोग म्हणायचे आणि त्या रोगावर उपाय म्हणून वस्ती हटवायची, असा हा क्रम होता. या उपायाला मिळालेले नावही तितकेच प्रसन्न होते : ‘नागरी नवीकरण’.

वेस्ट ओकलंडमध्ये हे नवीकरण पुढीलप्रमाणे झाले. १९५७ मध्ये वस्तीच्या मधोमध ‘सायप्रस’ नावाचा दुमजली महामार्ग-पूल उभा राहिला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. १९६० च्या सुमारास टपाल खात्याच्या भव्य केंद्रासाठी शेकडो घरे पाडण्यात आली. ‘एकॉर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागातील घरेही जमीनदोस्त झाली आणि त्या जागी नवी घरे उभी राहण्यास कित्येक वर्षे लागली. प्रादेशिक रेल्वे शहरात आली तेव्हा तिचा मार्ग अन्यत्र काही ठिकाणी भूमिगत करण्यात आला, परंतु सातव्या रस्त्यावर तो उन्नत ठेवला गेला. ज्या रस्त्यावर एके काळी संगीत ऐकू येई, त्या रस्त्याच्या डोक्यावरून गाड्या धडधडू लागल्या.

या साऱ्या प्रकल्पांचा लाभ शहराला झाला नाही, असे नाही. महामार्गामुळे उपनगरातील माणूस कामावर लवकर पोहोचू लागला. प्रश्न असा आहे की सोय कोणाची झाली आणि घर कोणाचे गेले. धोरणाचे मूल्यमापन करताना हे दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात.

४. शहराच्या पोटातील दुसरे शहर

ओकलंडच्या नकाशात एक विलक्षण गोष्ट दिसते. शहराच्या टेकड्यांवर ‘पिडमाँट’ नावाचे एक छोटे शहर आहे. त्याच्या चहूबाजूंना ओकलंडच आहे. तरीही १९०७ पासून ते स्वतंत्र नगर आहे. त्याची नगरपरिषद वेगळी, पोलीस वेगळे आणि शालेय मंडळही वेगळे.

येथे अमेरिकी स्थानिक शासनाचे एक वैशिष्ट्य समजून घेतले पाहिजे. तेथे एखाद्या भागातील रहिवासी, राज्याच्या कायद्याच्या चौकटीत राहून, स्वतंत्र नगर स्थापन करू शकतात. त्या नगराला आपल्या हद्दीत कोणत्या जागेवर काय बांधावे, याचे नियम करता येतात. केवळ मोठ्या भूखंडावरील एका कुटुंबाच्या घरालाच परवानगी द्यायची असा नियम केला, तर त्यात वंशाचा उल्लेखही न करता गरीब कुटुंबांना बाहेर ठेवता येते. दुसरीकडे, शाळांचा खर्च दीर्घकाळ प्रामुख्याने स्थानिक मालमत्ता करातून भागवला जात असे. ज्या हद्दीत महागडी घरे, त्या हद्दीत कर कमी दराने आकारूनही शाळा संपन्न. ज्या हद्दीत स्वस्त घरे, तेथे दर जास्त ठेवूनही शाळा दरिद्री.

याविरुद्ध लॉस एंजेलिस परिसरातील पालकांनी दावा लावला. त्यात असे दिसून आले की १९६८-६९ या वर्षी बेव्हर्ली हिल्स येथे एका विद्यार्थ्यामागे १,२३२ डॉलर खर्च होत होते, तर बाल्डविन पार्क येथे ५७७ डॉलर. अशी व्यवस्था समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे, असा निर्णय कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला. त्यानंतर शालेय निधीत राज्याचा वाटा वाढला. परंतु १९७८ मध्ये मतदारांनी सार्वमताने मालमत्ता कराचा मूळ दर एक टक्क्यावर गोठवला आणि करासाठी धरावयाच्या मूल्यातील वार्षिक वाढही दोन टक्क्यांवर मर्यादित केली. ओकलंडसारख्या शहरांच्या तिजोरीवर त्याचा ताण पडला.

नगराच्या अधिकाराचा वापर कसा होऊ शकतो, याचे एक जुने उदाहरण पिडमाँटमध्येच आढळते. १९२४ मध्ये सिडनी डिअरिंग या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने तेथे घर घेतले. शेकडोंचा जमाव त्यांच्या दारापुढे जमला. त्यांना संरक्षण देण्याऐवजी नगर-प्रशासनाने त्या जागेतून रस्ता काढायचा आहे असे सांगून घर सक्तीने संपादित करण्याची कारवाई सुरू केली. अखेर त्या कुटुंबाला घर सोडावे लागले. जमावाने जे आरडाओरडा करून मागितले ते प्रशासनाने शांतपणे, कार्यालयीन भाषेत केले.

आपली प्रगती तपासा – १
अ) ‘ब्लाइट’ या शब्दातील रूपकाने कोणता प्रश्न झाकला जातो?
आ) वंशाचा उल्लेख न करताही नगराचा नियम भेदभाव कसा करू शकतो?

५. पडलेला पूल आणि बदललेली रेषा

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी उपसागराच्या परिसरात मोठा भूकंप झाला. सायप्रस पुलाचा वरचा मजला खालच्या मजल्यावर कोसळला आणि त्या एका ठिकाणी ४२ माणसे मृत्युमुखी पडली. पहिल्या काही तासांत आसपासचे रहिवासी शिड्या आणि दोर घेऊन, जीव धोक्यात घालून वर चढले आणि अडकलेल्यांना त्यांनी बाहेर काढले. ज्या महामार्गाने त्यांच्या वस्तीचे तुकडे केले होते त्याच्यावरून जाणाऱ्या अनोळखी प्रवाशांसाठी ही माणसे धावली.

पूल पुन्हा त्याच जागी बांधावा असा विचार पुढे आला तेव्हा वस्तीने त्याला संघटितपणे विरोध केला. या वेळी त्यांचे म्हणणे ऐकणारे लोक नगर-प्रशासनात होते. बॉबी सील १९७३ मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत पराभूत झाले असले तरी त्या निवडणुकीने नवे मतदार जागे केले होते आणि १९७७ मध्ये लायोनेल विल्सन हे ओकलंडचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले होते. अखेर महामार्ग वस्तीला वळसा घालून रेल्वेच्या जमिनीकडून नेण्यात आला. तो १९९७ मध्ये खुला झाला. जुन्या पुलाच्या जागी पुढे झाडांच्या रांगा असलेला एक रुंद मार्ग तयार झाला. त्याला नेल्सन मंडेला यांचे नाव आहे.

यावरून एक निष्कर्ष काढता येतो. शहरातील रेषा निसर्गाने ओढलेल्या नसतात. त्या सभागृहातील ठरावांनी ओढल्या जातात आणि म्हणूनच ठरावांनी बदलताही येतात.

६. १९९६ चा ठराव : बोलीचा प्रश्न

वस्ती वेगळी, शाळा वेगळी, खेळण्याचे अंगण वेगळे, असे दोन-तीन पिढ्या घडले तर भाषेचे काय होते? समाजभाषाविज्ञानाच्या पाठात आपण विल्यम लबॉव्ह यांचे नाव वाचले आहे. लबॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात फिलाडेल्फिया शहरात केलेल्या अभ्यासातून असे मांडले की दूरचित्रवाणी घरोघरी पोहोचूनही कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय यांच्या बोली जवळ न येता दूर जात आहेत. आणि याचे मूळ वस्तीच्या विभाजनात आहे. माणूस ऐकून भाषा बदलत नाही, ज्याच्याशी बोलतो त्याच्यासारखा बोलू लागतो. बोलण्याची संधीच वस्तीच्या रेषेने हिरावली तर बोली वेगळी होणे अटळ असते.

ओकलंडच्या सार्वजनिक शाळांत १९९६ मध्ये ५३ टक्के विद्यार्थी कृष्णवर्णीय होते. मात्र ‘विशेष शिक्षणा’च्या वर्गांत, म्हणजे ज्यांना शिकण्यात अडचण आहे असे मानले जाई त्यांच्या वर्गांत, त्यांचे प्रमाण ७१ टक्के होते. १८ डिसेंबर १९९६ रोजी शालेय मंडळाने ठराव केला की या मुलांची घरची भाषा ‘इबॉनिक्स’ ही स्वतंत्र व्यवस्था आहे, शिक्षकांनी ती समजून घ्यावी आणि तिच्या आधारे मुलांना प्रमाण इंग्रजी शिकवावी. आबनूस आणि ध्वनी या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडणीतून ही संज्ञा रॉबर्ट विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये घडवली होती.

ठरावाची देशभर टिंगल झाली. शाळा आता अशुद्ध इंग्रजी शिकवणार, असा समज पसरला. ठरावाच्या शब्दरचनेतही दोष होते. भाषांच्या ‘जेनेटिक’ संबंधाचा त्यात उल्लेख होता. भाषाविज्ञानात या शब्दाचा अर्थ ‘एका भाषाकुलातील’ असा होतो. वाचकांनी तो ‘रक्तातून आलेला’ असा घेतला. मंडळाने जानेवारी १९९७ मध्ये मसुदा सुधारला. त्याच महिन्यात अमेरिकेच्या भाषाविज्ञान परिषदेने ठराव करून सांगितले की ही भाषा अन्य कोणत्याही भाषेप्रमाणे नियमबद्ध आहे आणि तिचा आधार घेऊन प्रमाणभाषा शिकवणे शैक्षणिकदृष्ट्या योग्य आहे.

‘नियमबद्ध’ म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. या बोलीत ‘ही वर्किंग’ आणि ‘ही बी वर्किंग’ अशी दोन वाक्ये आहेत. ऐकणाऱ्याला ती एकाच चुकीची दोन रूपे वाटतात. वास्तविक पहिल्याचा अर्थ ‘तो काम करतो आहे’, आत्ता, या क्षणी. दुसऱ्याचा अर्थ ‘तो काम करत असतो’, म्हणजे नेहमी, सवयीने. मराठी भाषकाला हा भेद चटकन समजतो, कारण ‘आहे’ आणि ‘असतो’ यांच्या साहाय्याने आपण तोच भेद दाखवतो. ‘बी’ असलेल्या वाक्याला ‘आत्ता या क्षणी’ या अर्थाचे शब्द जोडले तर ती बोली बोलणाऱ्याला वाक्य चुकीचे वाटते. जेथे चूक होऊ शकते तेथे नियम असतोच.

आता वर्गात काय घडते, याची कल्पना करा. मूल ‘असतो’ या अर्थाने बोलते, शिक्षक ‘आहे’ या अर्थाने ऐकतो आणि लाल शाईने खूण करतो. त्या मुलाला कळत नाही की आपले काय चुकले. असे वारंवार घडले की ‘याला शिकता येत नाही’ असा शेरा तयार होतो. नकाशावरचा लाल रंग अशा रीतीने वहीवर उतरतो.

७. आजची स्थिती

ओकलंडमध्ये १९८० साली कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे ४७ टक्के होते. २०२० पर्यंत ते एकचतुर्थांशाहूनही खाली आले. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को आणि सिलिकॉन व्हॅलीतील संगणक उद्योगाच्या भरभराटीमुळे घरभाडे आणि घरांच्या किमती वाढल्या. ज्या वस्तीला कोणी कर्ज देत नव्हते तिच्यातील जुनी लाकडी घरे आता श्रीमंतांना हवीशी वाटू लागली. या प्रक्रियेला ‘जेन्ट्रिफिकेशन’ म्हणतात. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनविषयी लिहिताना हा शब्द वापरात आणला. पूर्वी माणसे बाहेर पडू नयेत अशी व्यवस्था होती. आता ती राहू शकू नयेत अशी परिस्थिती आहे. शब्द बदलले, नकाशावरचे रंग गेले, पण घर कोणाला परवडावे हा प्रश्न नगरपरिषदेपुढे तसाच उभा आहे.

समारोप

ओकलंडच्या उदाहरणातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, शहरातील विषमता ही केवळ बाजाराचा किंवा व्यक्तींच्या कर्तृत्वाचा परिणाम नसते. कर्ज, कर, हद्द, रस्ता आणि शाळा यांविषयीच्या निर्णयांतून ती घडते. दुसरी, हे निर्णय ज्या भाषेत लिहिले जातात ती भाषा निर्णय घेणाऱ्याला दृष्टिआड करते. ‘शिरकाव’, ‘करपा’, ‘नवीकरण’ ही त्याची उदाहरणे. तिसरी, वस्तीतील अंतर बोलीत उतरते आणि मग त्या बोलीलाच मागासलेपणाचे कारण ठरवले जाते.

आपल्यापैकी अनेकांनी शाळा मध्येच सुटल्यानंतर पुन्हा पुस्तक हाती घेतले आहे. घरची बोली बोलल्यामुळे वर्गात हशा पिकल्याचा अनुभवही काहींच्या वाट्याला आला असेल. त्यांना हा पाठ परक्या देशाचा वाटणार नाही. मात्र प्रमाणभाषा शिकू नये, असा त्याचा अर्थ नाही. ओकलंडच्या ठरावाचाही तो अर्थ नव्हता. घरची भाषा सदोष नाही हे एकदा मनाला पटले की दुसरी भाषा शिकणे सोपे जाते, एवढेच येथे सांगायचे आहे.

स्वाध्याय
१) ‘ब्लॅक पँथर’ची स्थापना ओकलंडमध्येच का झाली, हे गृहनिर्माणविषयक धोरणांच्या आधारे स्पष्ट करा. (सुमारे ३०० शब्द)
२) आपल्या बोलीतील अशी एखादी वाक्यरचना निवडा, जी प्रमाण मराठीत ‘चूक’ मानली जाते. तिच्यामागील नियम उदाहरणांसह मांडा.
३) आपल्या गावाच्या अथवा शहराच्या स्थानिक संस्थेची एखादी जाहीर सूचना मिळवा. तिच्यातील कर्त्याचा उल्लेख टाळणारी वाक्ये शोधा आणि ती कर्ता घालून पुन्हा लिहा.